निर्दोष सुटकेविरुद्ध अपील: मुंबईत मुदत कशी मोजायची, कुठे जायचं आणि सुटलेल्या माणसाचे हक्क कोणते

न्यायाधीशांनी भर कोर्टात निर्दोष मुक्ततेचा आदेश वाचून दाखवला की त्याच दिवशी अपिलाची मुदत सुरू होते. निकालपत्र टाइप होऊन सही व्हायला आणखी चार दिवस लागले, कोर्टाच्या साइटवर ते उशिरा चढलं, गावी असलेल्या फिर्यादीला वकिलांनी महिन्याने कळवलं, तरी मोजणी निकालाच्या तारखेपासूनच होते. अपील गुणदोषावर हरणं वेगळं. मुदत हुकल्यामुळे ते ऐकलंच न जाणं टाळता येतं, आणि त्यासाठीची बहुतेक धावपळ पहिल्या आठवड्यात करायची असते. हा लेख फिर्यादी, पीडित आणि त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी आहे, तसाच सुटल्यावर अपिलाची नोटीस आलेल्या माणसासाठीही आहे.

पहिली पायरी: निकालाच्या दिवशीच नक्कल अर्ज

मुदत कायदा, १९६३ च्या कलम १२ प्रमाणे निकालाचा दिवस मोजणीतून वगळतात आणि निकालाची प्रमाणित प्रत मिळवायला जेवढा वेळ लागला तोही वगळतात. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणाकडे नवख्यांचं लक्ष जात नाही. नक्कल अर्ज करण्यापूर्वी कोर्टाने आदेश तयार करण्यात घालवलेला वेळ वगळला जात नाही. म्हणजे ‘निकाल तयार झाला की अर्ज करू’ असं म्हणून तुम्ही वीस दिवस थांबलात, तर ते वीस दिवस तुमच्या खात्यातून गेले. निकाल तयार नसला तरी अर्ज त्याच दिवशी द्या.

प्रत हातात आली की शेवटच्या पानावरचे शिक्के आधी बघा. तिथे तीन तारखा असतात: अर्ज केल्याची, प्रत तयार झाल्याची आणि प्रत दिल्याची. पहिल्या दोन तारखांमधला वेळ वगळला जातो. प्रत तयार होऊन खिडकीवर पडून राहिली आणि तुम्ही दोन आठवड्यांनी नेली, तर ते दोन आठवडे तुमच्याच माथी. शिक्का पुसट असेल किंवा तारीख चुकली असेल तर प्रत घेतानाच दुरुस्त करून घ्या. महिन्यानंतर नक्कल विभागात जाऊन ती दुरुस्त करून घेणं फार जिकिरीचं होतं.

साक्षीदारांच्या जबान्या, पंचनामे आणि निशाणी दस्तऐवजांच्या नकला लागतातच, पण त्यांचा अर्ज निकालाच्या अर्जापासून वेगळा करा. वगळला जातो तो निकालाच्या प्रतीचा वेळ. चारशे पानी रेकॉर्डच्या नकलांना लागलेला वेळ वगळला जाईल असं गृहीत धरू नका. सगळं एकाच अर्जात मागितलं की जाडजूड रेकॉर्डपायी निकालाची प्रतही अडकते, आणि पुढे कोणता वेळ कशासाठी लागला यावर वाद होतो. अर्जात खटल्याचा क्रमांक, निकालाची तारीख, पक्षकारांची नावं आणि सीएनआर क्रमांक, म्हणजे ई-कोर्ट प्रणालीतला खटल्याचा ओळख क्रमांक, लिहा. पोलीस केसमध्ये पीडित हा खटल्यातला पक्षकार नसतो, म्हणून ‘या निकालाने बाधित व्यक्ती’ म्हणून प्रत मागतोय असं अर्जात स्पष्ट लिहावं. बाधित व्यक्तीला शुल्क भरून प्रत मिळण्याचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ मध्ये आहे, जुन्या संहितेत, म्हणजे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, तो ३६३ मध्ये होता.

दुसरी पायरी: ही खरंच निर्दोष मुक्तता आहे का?

निकालाचा शेवटचा, आदेशाचा भाग शांतपणे वाचा. आरोप निश्चित होण्याआधीच आरोपीला सोडलं असेल तर ती दोषारोपमुक्ती, म्हणजे डिस्चार्ज. त्याविरुद्ध अपील नसतं, पुनरीक्षण म्हणजे रिव्हिजन असतं, आणि त्याची मुदत ९० दिवस. उलट, चेकच्या खटल्यात तक्रारदार तारखेला आला नाही म्हणून आरोपीला सोडलं, तर खटला नुसता ‘काढून टाकला’ असं बरेच जण समजतात. ती कायद्याने निर्दोष मुक्तताच असते आणि तिथे अपीलच करावं लागतं. नव्या संहितेच्या कलम २७९ नुसार असं सोडण्यापूर्वी तक्रारदाराला हजर राहण्यासाठी ३० दिवस द्यायला हवेत. नव्या संहितेखाली चाललेल्या खटल्यात ते दिले नसतील तर अपिलातला पहिला मुद्दा तोच.

इथे एक सापळा आहे. अपिलाची मुदत गेली म्हणून काही जण रिव्हिजन टाकतात. रिव्हिजनमध्ये उच्च न्यायालयाला निर्दोष मुक्ततेचं दोषसिद्धीत रूपांतर करता येत नाही. कलम ४४२ ची, म्हणजे जुन्या ४०१ ची, मनाई स्पष्ट आहे, आणि अपील उपलब्ध असताना ते न करणाऱ्याला रिव्हिजन मिळतही नाही. अपील नाही या प्रामाणिक गैरसमजातून रिव्हिजन दाखल झालं असेल, तर न्यायालय ते अपील म्हणून हाताळू शकतं. ही सवलत आहे, तिच्यावर विसंबू नये.

तिसरी पायरी: आपलं दार कोणतं?

दारं तीन आहेत आणि प्रत्येकाची मुदत वेगळी आहे.

पहिलं सरकारचं. नव्या संहितेचं कलम ४१९, जुनं ३७८. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटने सोडलं असेल तर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या निर्देशाने सरकारी वकील सत्र न्यायालयात अपील करतात. बाकीच्या बाबतीत राज्य सरकारच्या निर्देशाने अपील उच्च न्यायालयात जातं, आणि तिथे आधी न्यायालयाची परवानगी, म्हणजे लीव्ह, लागते. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ११४ प्रमाणे सरकारला ९० दिवस मिळतात. तपास केंद्रीय यंत्रणेने केला असेल तर निर्देश केंद्र सरकारचे.

दुसरं खाजगी तक्रारीवरच्या खटल्यातल्या तक्रारदाराचं. त्याने उच्च न्यायालयाकडे विशेष परवानगीचा अर्ज करायचा. मुदत ६० दिवस. तक्रारदार सरकारी नोकर असेल आणि त्या नात्याने तक्रार केली असेल तर सहा महिने. परवानगी मिळाल्यावर अपील दाखल करायला ३० दिवस. या दाराची एक बाजू फार जपून हाताळावी लागते: विशेष परवानगी नाकारली गेली की त्या निकालाविरुद्ध सरकारलाही कलम ४१९ खाली अपील करता येत नाही. घाईत, अर्धवट मुद्द्यांवर केलेला अर्ज दुसऱ्याचंही दार बंद करतो.

तिसरं पीडिताचं. ३१ डिसेंबर २००९ पासून जुन्या कलम ३७२ च्या परंतुकाने (म्हणजे कलमाला जोडलेल्या ‘परंतु…’ या तरतुदीने), आणि आता कलम ४१३ च्या परंतुकाने, पीडिताला स्वतःचं अपील मिळालं. आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा नुकसानभरपाई अपुरी मिळाली, अशा तिन्ही वेळी ते करता येतं. पीडित या शब्दात पालक आणि कायदेशीर वारसही येतात. २०१८ च्या कोडगली निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवलं की पीडिताला परवानगी लागत नाही. अपील कुठे? दोषसिद्धीविरुद्ध जिथे गेलं असतं तिथेच. किल्ला कोर्ट, कुर्ला, अंधेरी, बोरिवली अशा मॅजिस्ट्रेट कोर्टाचा निकाल असेल तर सत्र न्यायालयात, म्हणजे फोर्टला किंवा कार्यक्षेत्रानुसार दिंडोशीला. सत्र न्यायालयाचा निकाल असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठात.

चेक न वटल्याच्या खटल्यांचं चित्र एप्रिल २०२५ मध्ये बदललं. सेलेस्टियम फायनान्शियल निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ चा, म्हणजे चेक न वटल्याचा, तक्रारदार हाही पीडितच आहे आणि तो विशेष परवानगीशिवाय परंतुकाखाली अपील करू शकतो. म्हणजे मॅजिस्ट्रेटने सोडलं तर उच्च न्यायालयाची पायरी चढण्याऐवजी सत्र न्यायालयात थेट अपील. जुने नमुने वापरून आजही काही जण परवानगीचे अर्ज तयार करतात, त्यांनी आधी हा निकाल वाचावा.

पीडिताच्या अपिलाला संहितेत मुदतच लिहिलेली नाही. उच्च न्यायालयांनी यावर वेगवेगळी मतं दिली आहेत. आमचा सल्ला साधा आहे: सत्र न्यायालयासाठी ३० दिवस आणि उच्च न्यायालयासाठी ६० दिवस धरून चाला. त्याहून जास्त वेळ मिळतो असा युक्तिवाद अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवा.

विशेष कायद्यांची मुदत त्या कायद्यातच बघायची. राष्ट्रीय तपास यंत्रणा कायद्याच्या कलम २१ मध्ये ३० दिवस आहेत, आणि ९० दिवसांनंतर अपील घेऊ नये असं परंतुक आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १४अ मध्ये ९० दिवस आणि बाहेरची सीमा १८० दिवस. या बाहेरच्या सीमा किती कडक आहेत यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. त्या वादाचा भाग आपण होऊ नये एवढंच पाहावं.

अनेक कुटुंबं ‘सरकार अपील करतंय’ या भरवशावर बसून राहतात. सरकारची फाइल खटल्यातल्या सरकारी वकिलांच्या अभिप्रायापासून निघून विधी व न्याय विभागामार्गे उच्च न्यायालयातल्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात पोचते, आणि वाटेत कुठेही थांबू शकते. तपास अधिकारी आणि सरकारी वकील यांना अपिलाची लेखी विनंती पहिल्याच आठवड्यात द्या, पोच घ्या. पण त्या विनंतीने तुमची स्वतःची मुदत थांबत नाही.

चौथी पायरी: दिवस मोजणं

एक उदाहरण कागदावर मांडू. खाजगी तक्रारीवरचा खटला, निर्दोष मुक्तता १० मार्च २०२५. तो दिवस सोडून ६० दिवस मोजले तर शेवटचा दिवस ९ मे. नक्कल अर्ज १२ मार्चला केला, प्रत २ एप्रिलला तयार झाली. दोन्ही दिवस धरून २२ दिवस वगळले. शेवटचा दिवस ३१ मे. आता समजा तुम्ही प्रत १५ एप्रिलला नेली. तरीही शेवटचा दिवस ३१ मेच, कारण २ एप्रिलनंतरचे १३ दिवस कोर्टाने घेतलेले नाहीत. आणि अर्जच १ एप्रिलला केला, प्रत दुसऱ्याच दिवशी मिळाली, तर वगळायला फक्त दोन दिवस: शेवटचा दिवस ११ मे.

३१ मे २०२५ ला शनिवार होता आणि मे महिन्यात उच्च न्यायालयाची उन्हाळी सुट्टी असते. कोर्ट बंद असताना मुदत संपली तर उघडल्याच्या दिवशी दाखल करता येतं, हे मुदत कायद्याचं कलम ४ सांगतं. पण सुट्टीत कार्यालय आणि ई-फाइलिंग चालू असेल तर कोर्ट ‘बंद’ होतं का, यावर वाद घालण्याची वेळ आणू नका. सुट्टी लागण्याआधी दाखल करा. ही मोजणी कागदावर लिहून त्यावर वकिलांची सही घ्या, वकिलांना ते आवडो न आवडो.

पाचवी पायरी: मुद्दे लिहिणं

अपील लेखी असतं, त्याला निकालाची प्रत जोडावी लागते, उच्च न्यायालयात भाषा इंग्रजी. एवढं कोणीही सांगेल. खरी मेहनत मुद्द्यांत आहे, कारण सुटलेल्या आरोपीच्या बाजूने दोन गृहीतकं उभी असतात: प्रत्येक आरोपी निर्दोष मानला जातो, आणि आता एका न्यायालयाने तपासून तसं सांगितलंही आहे. २००७ च्या चंद्रप्पा निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सूत्र एकत्र मांडलं. अपील न्यायालय पुरावा पूर्णपणे नव्याने तपासू शकतं, पण पुराव्यावरून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील तर खालच्या न्यायालयाने काढलेला निष्कर्ष बदलू नये. म्हणून ‘आमचं म्हणणंही बरोबर असू शकतं’ एवढं दाखवून भागत नाही. खालच्या न्यायालयाचं मत त्या पुराव्यावर शक्यच नव्हतं, हे दाखवावं लागतं.

हा मुद्दा बघा: ‘विद्वान न्यायाधीशांनी पुराव्याचं योग्य मूल्यमापन केलं नाही आणि चुकीचा निष्कर्ष काढला.’ असे पंधरा मुद्दे लिहिले तरी हाती काही लागत नाही. आता हा: ‘निकालाच्या परिच्छेद २२ मध्ये म्हटलं आहे की साक्षीदार क्र. ३ ने आरोपीला ओळखलं नाही. प्रत्यक्षात सरतपासाच्या परिच्छेद ४ मध्ये तिने आरोपी क्र. १ ला कोर्टात ओळखलं असून उलटतपासात त्या विधानाला आव्हानच दिलेलं नाही.’ दुसऱ्या मुद्द्यात निकालातला परिच्छेद आहे, जबानीतला परिच्छेद आहे आणि चूक कुठे झाली तेही आहे. न्यायाधीशांनी सोडण्याची जितकी कारणं दिली असतील, तितक्या प्रत्येकाला असं उत्तर हवं. एखाद्या कारणाला उत्तर नसेल आणि त्या एकाच कारणावर निकाल टिकत असेल, तर अपील करायचं की नाही याचाच फेरविचार करा.

सहावी पायरी: उशीर झाला असेल तर

मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह करायचा. विशेष परवानगीच्या ६० दिवसांनाही कलम ५ लागू होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या दशकातच स्पष्ट केलं. अर्जात उशिराचे नेमके दिवस लिहा आणि ते कार्यालयाच्या मोजणीशी जुळतात का ते पाहा. इथेच सर्वात जास्त हरकती निघतात. मग तारीखवार कारण. ‘अर्जदार आजारी होता’ एवढं पुरत नाही. कुठल्या तारखेला दाखल, कुठल्या तारखेला डिस्चार्ज, सोबत डिस्चार्ज कार्ड, घरी आल्यावर वकिलांना कधी भेटला, मसुदा कधी तयार झाला. मधला एखादा पंधरवडा कोराच राहिला तर विरुद्ध बाजू नेमकं त्यावर बोट ठेवते. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे वेळ गेला असेल तर तिथली दाखल तारीख आणि परत घेतल्याचा आदेश जोडा, ते कारण म्हणून ऐकलं जातं. सरकारी फाइल फिरत होती हे कारण आपोआप मान्य होत नाही, सरकारच्या बाबतीतही नाही.

उशीर माफ करण्यापूर्वी सुटलेल्या माणसाला नोटीस मिळून त्याचं ऐकलं गेलं पाहिजे. मुदत संपली तेव्हा त्याच्या हाती अंतिम निकाल आला होता. तो त्याच्या पाठीमागे उघडला जाऊ नये. अपील करणाऱ्यानेही हीच नोटीस नीट बजावली जाईल याची काळजी घ्यावी, नाहीतर पुढे आदेश रद्द होऊन वर्षं वाया जातात.

उच्च न्यायालयात दाखल केल्यावर

सरकारचा परवानगी अर्ज आणि खाजगी पक्षाचा परवानगी अर्ज यांची नोंद वेगवेगळ्या प्रकारात होते. योग्य प्रकार निवडा, नाहीतर कार्यालय हरकत काढतं. आधी फक्त स्टॅम्प नंबर मिळतो. हरकती दूर होईपर्यंत पक्का नंबर पडत नाही, आणि बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, नाव येण्याची वाट बघत राहिलेल्यांना नंतर कळतं की हरकतीच काढलेल्या नव्हत्या. पत्ते अपुरे, प्रतीची पानं अस्पष्ट, वकालतनाम्यावर सही नाही, या नेहमीच्या हरकती. आठवड्यातून एकदा साइटवर स्थिती बघा.

परवानगीच्या सुनावणीत न्यायालय काय बघतं, हे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं: निकाल शेवटी उलटेल का हा प्रश्न त्या टप्प्यावर नसतो, विचार करण्याजोगा मुद्दा आहे का, एवढंच बघायचं. परवानगी नाकारतानाही कारणं द्यावी लागतात. एका ओळीत परवानगी नाकारली असेल, तर तो स्वतंत्र आव्हानाचा मुद्दा आहे.

वकील परवडत नसेल तर उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. समितीला वकील नेमायला वेळ लागतो, म्हणून मुदत संपायला आठवडा उरल्यावर तिथे जाऊ नका.

तुम्ही सुटला असाल आणि नोटीस आली असेल तर

सुटण्यापूर्वी कोर्टाने तुमच्याकडून एक बंधपत्र घेतलं असेल: अपील झालं आणि वरच्या न्यायालयाची नोटीस आली तर हजर राहीन. ते सहा महिने लागू असतं. या काळात पत्ता बदलला, चाळ पुनर्विकासात गेली, भाड्याने दुसरीकडे राहायला गेलात, तर नवा पत्ता कोर्टाला आणि जामीनदाराला कळवा. नोटीस जुन्या पत्त्यावरून परत गेली की पुढचा टप्पा वॉरंटचा असतो. अपील दाखल झाल्यावर कलम ४३१ खाली उच्च न्यायालय अटकेचा आदेश देऊ शकतं आणि तुम्हाला कोठडीत ठेवू शकतं किंवा जामीन देऊ शकतं. म्हणून नोटीस आल्यावर वेळेवर हजर होणं हाच स्वतःचा बचाव.

नोटिशीसोबत अपिलाच्या मुद्द्यांची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. ती नसेल तर पहिल्या तारखेलाच लेखी मागा. विलंब माफीचा अर्ज असेल तर उत्तराचं प्रतिज्ञापत्र द्या आणि वर सांगितलेली मोजणी स्वतः करा. नकलेच्या शिक्क्यांच्या तारखा आणि अर्जातल्या तारखा पुष्कळदा जुळत नाहीत. तुमच्या बाजूने निकालातलं प्रत्येक कारण पुराव्यातल्या कुठल्या ओळीवर उभं आहे, याचा तक्ता वकिलांना द्या. खालच्या न्यायालयाने काढलेला निष्कर्षही शक्य आहे एवढं दाखवणं तुम्हाला पुरतं.

तुम्ही किंवा तुमचे वकील गैरहजर राहिलात तरी न्यायालय पुरावा पाहून निर्णय देऊ शकतं. तेव्हा ‘वकील आले नाहीत म्हणून तारीख पडेल’ असं धरून चालू नका. वकील नेमणं शक्य नसेल तर न्यायालयाला तसं सांगा. न्यायालय निर्दोष मुक्तता उलटवणार असेल, तर शिक्षा किती यावर तुमचं वेगळं ऐकलं जायला हवं. वय, कुटुंब, आजारपण, आधी भोगलेली कोठडी यांचे कागद तयार ठेवा. उच्च न्यायालयाने असं उलटवून दहा वर्षं किंवा त्याहून जास्त कारावास, जन्मठेप किंवा फाशी दिली, तर कलम ४२० खाली सर्वोच्च न्यायालयात अपील हा हक्क आहे, तिथे परवानगी मागावी लागत नाही. शिक्षा त्याहून कमी असेल तर विशेष अनुमती याचिका करावी लागते आणि ती ऐकायची की नाही हे सर्वोच्च न्यायालय ठरवतं. दोन्ही वेळी उच्च न्यायालयाच्या निकालाच्या प्रतीसाठी अर्ज त्याच संध्याकाळच्या आत करा.